सोसण्याचे बियाणे

भाद्रपदात गणपतीच्या आदल्या दिवशी घरातल्या पोरांवर एक काम हमखास येते, दूर्वा खुडून आणण्याचे. शहरात आता दूर्वांच्या बांधलेल्या जुड्या बाजारात मिळतात. गावात मात्र अजूनही बांधावर किंवा विहिरीच्या काठी उकिडवे बसून त्या निवडाव्या लागतात. एकवीस दूर्वांची जुडी बांधता बांधता बोटे हिरवी होतात. याच दूर्वेला शेतकरी हरळी म्हणतो आणि तिचे नाव काढले की त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. गणपतीला प्रिय असलेले हे गवत त्याच्या शेतातून काही केल्या जात नाही. कुळव घाला, खणून काढा, उन्हात वाळत टाका, हरळी पुरून उरते. वैशाखात वाटते, संपली एकदाची. मृगाचे चार थेंब पडतात आणि आठ-दहा दिवसांत बांध पुन्हा हिरवागार!

ऊन लागले की माणूस सावलीला जातो. तहान लागली की पाणी शोधतो. पूर आला तर माळ्यावर चढतो, नाहीतर गाव सोडतो. गुरेसुद्धा दावे तोडून पळतात. झाडाला यातले काहीच करता येत नाही. बी जिथे पडले तिथेच त्याने मुळे रोवायची आणि नशिबी येईल ते ऊन, थंडी, पाणी, मीठ जागच्या जागी सोसायचे. आपले शेतकरी 'पिकाला ताण बसला' असे म्हणतात. शास्त्रज्ञांनीही हाच शब्द उचलला आहे. हा ताण एखादे झाड सोसते आणि शेजारचे सोसत नाही, ते कशामुळे? गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या प्रश्नाची काही उत्तरे हाती आली आहेत. ती केवळ प्रयोगशाळेत राहिलेली नाहीत, शेतात आणि ताटात पोहोचली आहेत. म्हणूनच आज त्यांच्याविषयी.

एक गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी. हरळी ज्या कुळातली, त्याच कुळातले भात, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका. ऊस आणि बांबूही त्याच घरचे. आपली भाकरी, पोळी, वरणाखालचा भात, चहातली साखर, हे सारे शेवटी गवतच. गवताच्या सोसण्याशी आपल्या पोटाचा थेट संबंध आहे.

पाककृतींची वही

झाडाच्या प्रत्येक पेशीत त्याची जनुके असतात. जनुक म्हणजे एक लिहून ठेवलेली सूचना. घरात आजीची पाककृतींची वही असावी तशी. त्यात पुरणपोळीही आहे आणि आजाऱ्याची पेजही; पण वही हाताशी आहे म्हणून रोज पुरण शिजत नाही. कोणत्या दिवशी कोणते पान उघडायचे याला महत्त्व. भाताच्या सर्व जनुकांचे वाचन अनेक देशांनी मिळून केले. त्यात भारतही होता. २००५ साली ते प्रसिद्ध झाले, तेव्हा भाताच्या वहीत सुमारे ३७ हजार पाककृती निघाल्या.

यातली काही जनुके प्रत्यक्ष काम करत नाहीत. ती इतर जनुकांकडून काम करून घेतात. त्यांना मुकादम म्हणू. मुकादमाने हाक दिली की एक टोळी कामाला लागते, दुसरी थांबते. ताण सोसणाऱ्या आणि न सोसणाऱ्या झाडांत अनेकदा मजूर तेच असतात, मुकादम वेगळा असतो. याचे सर्वांत सुंदर उदाहरण भाताचे आहे आणि त्याचे मूळ ओडिशात आहे.

पाण्याखालचे दोन आठवडे

भातासारख्या पाण्यात वाढणाऱ्या पिकाला पाण्याचे कसले भय, असे आपल्याला वाटते. पण पाणी पायाशी असणे वेगळे आणि डोक्यावरून जाणे वेगळे. लावणी उरकून पंधरा-वीस दिवस झालेले असतात, नदी फुगते आणि सारे शिवार गढूळ पाण्याखाली जाते. ओडिशा, बिहार, आसाम, पूर्व उत्तर प्रदेश, बंगाल, बांगलादेश इथल्या सखल भागांत हे वारंवार घडते. पूर्ण बुडालेले नेहमीचे भात आठवड्याभरात मरू लागते.

ते का मरते, हे मोठे विचार करण्यासारखे आहे. पाण्यातून वायू फार सावकाश पसरतात, मोकळ्या हवेच्या मानाने जवळजवळ दहा हजार पटींनी सावकाश. त्यामुळे बुडालेल्या रोपाला श्वासासाठी प्राणवायू मिळत नाही, अन्न बनवायला कर्बवायू मिळत नाही आणि गढूळपणामुळे पुरेसा उजेडही मिळत नाही. शिवाय रोपातून एरवी बाहेर पडणारा इथिलीन नावाचा वायू आतच कोंडतो. हा इथिलीन आपल्या ओळखीचा आहे. आंब्याच्या आढीत पेंढ्याखाली कोंडून कैरी पिकवतो तोच हा.

कोंडलेला इथिलीन ही रोपाला मिळालेली बुडाल्याची खबर. ती मिळताच साधे भात घाईला येते. जिबरेलीन हे वाढीचे संप्रेरक कामाला लागते. नाशिक-सांगलीकडचे द्राक्षबागाईतदार मणी लांबवण्यासाठी 'जीए' फवारतात, ते याच जिबरेलीनचे रूप. रोप भराभर उंच होऊ लागते. कसेही करून पाण्याच्या वर तोंड काढायचे, एवढाच ध्यास. पाणी उथळ असेल तर ही युक्ती साधते. पाणी खोल असेल आणि आठ-दहा दिवस हटले नाही, तर साठवलेली सारी साखर आणि पिष्ट या धडपडीत खर्ची पडते. पूर ओसरतो तेव्हा लांबलेले, लेचेपेचे रोप चिखलात आडवे होते आणि कुजते. पाण्यात असेपर्यंत हिरवे दिसणारे शिवार पाणी उतरल्यावर चार दिवसांत काळे पडते. ज्याने ते पाहिले आहे त्याला हे सांगायला नको.

ओडिशातल्या पूरग्रस्त भागातले शेतकरी मात्र 'धळपुटिया' नावाचे एक गावठी भात पिढ्यान् पिढ्या राखून होते. ते बुडते, पण मरत नाही. गेल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्यातून निवड करून एक शुद्ध वाण वेगळा काढला गेला. त्याला 'एफआर १३ ए' असे रुक्ष नाव मिळाले. एफआर म्हणजे पूर सोसणारा. पुढे फिलिपिन्समध्ये लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने जगभरातून जमवलेले हजारो वाण पाण्यात बुडवून पाहिले. त्या परीक्षेत पहिल्या रांगेत बसला तो हा ओडिशाचा वाण. दोन आठवडे पाण्याखाली राहूनही त्याची बहुतेक रोपे पुन्हा उभी राहत.

तरीही तो शेतात कुणाला नको होता. उंच वाढायचा, लोळायचा, उतारा कमी. त्याचा गुण चांगल्या भातात आणावा म्हणून नेहमीच्या पद्धतीने संकर झाले. पण गुणाबरोबर अवगुणही येत राहिले. हवी होती ती एकच पाककृती, आणि पदरात पडत होती अर्धी वही.

थांबवणारा मुकादम

१९९६ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील केंद्रात डेव्हिड मॅकिल आणि केनाँग शू यांनी दाखवून दिले की, बुडणे सोसण्याचा गुण मुख्यतः भाताच्या नवव्या गुणसूत्रावरच्या एका छोट्या जागेत आहे. त्या जागेला 'सब-वन' असे नाव पडले. त्या जागेतले नेमके जनुक हाती यायला आणखी दहा वर्षे गेली. पामेला रोनाल्ड यांच्या प्रयोगशाळेच्या साथीने ते काम झाले आणि २००६ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. 'सब-वन-ए' हे ते जनुक. ते बुडून मरणाऱ्या भातात घातले तर ते भातही तगले.

हे जनुक मुकादमांपैकी आहे. तेही इथिलीनच्या खबरेनेच जागे होते. पण त्याची हाक उलटी आहे. ज्युलिया बेली-सेरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, ते जिबरेलीनला आवरणाऱ्या प्रथिनांचे बळ वाढवते. वाढ थांबते. साखर-पिष्टाचा साठा बेताबेताने वापरला जातो. रोप पाण्याखाली जणू दम धरून बसते. पाणी ओसरले की साठ्यात उरलेल्या शिदोरीवर नवे पान फुटते. पुढे २०११ साली असेही दिसून आले की, याच जनुकामुळे भात अवर्षणातूनही अधिक चांगले सावरते.

पूर सोसणाऱ्या भातात काही अचाट ताकद असेल अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात त्याला एवढेच कळते की, आता हातपाय मारण्याची वेळ नाही.

आता आली ती शेतापर्यंत पोहोचण्याची गोष्ट. आंध्र प्रदेशातील मारुतेरू केंद्रावर तयार झालेला 'स्वर्णा' हा वाण पूर्व भारतातल्या शेतकऱ्यांचा अत्यंत आवडता. उतारा चांगला, भात खायला चांगला. पण पुरात टिकत नाही. संशोधकांनी स्वर्णाचा संकर सब-वन असलेल्या वाणाशी केला, मग त्या संततीचा संकर पुन्हा स्वर्णाशी, पुन्हा स्वर्णाशी. प्रत्येक वेळी पाहुण्याचा वाटा सरासरीने निम्मा होतो : अर्धा, पाव, अष्टमांश, सोळावा हिस्सा. या वाटचालीत सब-वन हरवू नये म्हणून दर पिढीत रोपाच्या पानाचा लहानसा तुकडा तपासून ते जनुक कोणत्या रोपात आहे हे पाहिले गेले. पूर येण्याची वाट पाहायला नको की रोपे बुडवून मारायला नकोत. अशा रीतीने जवळजवळ सर्वांगाने स्वर्णाच, पण एका जनुकापुरता धळपुटियाचा वारस, असा 'स्वर्णा-सब-वन' तयार झाला. भारतात तो २००९ साली प्रसारित झाला. यात परक्या जिवाचे काही घातलेले नाही. भाताचेच जनुक नेहमीच्या परागणाने भातात आले.

ओडिशातल्या गावांत शेतकऱ्यांना हे बियाणे देऊन अर्थशास्त्रज्ञांनी त्याची पाहणी केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शेत दहा दिवस बुडाले तर साध्या स्वर्णापेक्षा नव्या वाणाचा उतारा सुमारे ४५ टक्के जास्त पडला. पूर आलाच नाही त्या ठिकाणी नुकसान काही झाले नाही. त्याच पाहणीतली आणखी एक नोंद मला या आकड्यापेक्षा मोठी वाटते. गावातली सर्वांत सखल, वारंवार बुडणारी जमीन बहुधा अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांच्या वाट्याला आलेली असते. त्यामुळे या बियाण्याचा लाभही त्यांना अधिक झाला. शेतीच्या सुधारणा एरवी वरच्या, पाण्याच्या, चांगल्या जमिनीकडे आधी धावतात. इथे ओघ उलटा होता. पुढच्या अभ्यासात असेही आढळले की, पीक हातचे जाण्याची धास्ती कमी झाल्यावर हेच शेतकरी खताला अधिक खर्च करू लागले, लावणी अधिक निगुतीने करू लागले. भीतीपोटी माणूस हात आखडता घेतो. ती भीती एका जनुकाने थोडी कमी केली.

दुसरा सल्ला

पण थांबणे हेच सदैव शहाणपणाचे, असे मात्र नाही. बांगलादेशातल्या काही भागांत पाणी दोन आठवड्यांत ओसरत नाही, महिनोन् महिने कित्येक फूट साचून राहते. तिथे थांबणारे भात कुजून जाईल. तिथले शेतकरी खोल पाण्याचे भात लावतात. पाणी चढू लागले की हे भात दिवसाला २० ते २५ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ एक वीत वाढते. आतून पोकळ झालेल्या कांड्यांतून वरची हवा खाली मुळांकडे जाते. जपानमधल्या नागोया विद्यापीठातील मोटोयुकी अशिकारी यांच्या गटाने २००९ साली यामागची दोन जनुके शोधून काढली. पाणबुडे तोंडात धरतात त्या श्वासनळीवरून त्यांना 'स्नॉर्केल' असे नाव दिले.

नवल पुढेच आहे. ही जनुके आणि सब-वन-ए एकाच कुळातली आहेत. दोन्हीही जागी होतात इथिलीनने. एक म्हणते थांब, दुसरे म्हणते पळ. ज्या त्या नदीच्या पाण्याचा स्वभाव ओळखून त्या त्या मुलखात जो तो सल्ला टिकला. अमुक जनुक चांगले आणि तमुक वाईट, असे म्हणण्याची सोय नाही. कुठल्या शेतात, कुठल्या वर्षी, हे विचारावेच लागते.

शाळूची काटकसर

पुराकडून आता आपल्या नेहमीच्या दुखण्याकडे, अवर्षणाकडे येऊ. सोलापूर, मंगळवेढे, बार्शी, नगर या भागांतली रब्बी ज्वारी, आपला शाळू, पावसाळा सरता सरता पेरला जातो. त्यानंतर पाऊस जवळजवळ नाहीच. काळ्या जमिनीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर साऱ्या पिकाचा संसार. महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार यावा आणि तो पुढे पुरवायचा, तसे हे आहे. फरक इतकाच की दुसरा पगार येणार नाही.

अशा वेळी जे ताट सुरुवातीलाच भरपूर पाने आणि फुटवे काढते ते दिसते दणकट. पण ओल लवकर उडवून बसते. कणसात दाणा भरायच्या वेळी पाणी संपते. खालची पाने वाळतात, दाणा बारीक राहतो, ताट पोकळ पडते. मग खडखड्या रोग गाठतो आणि ताटे जमिनीवर लोळतात. काही ज्वाऱ्या मात्र दाणा भरेपर्यंत हिरव्या राहतात. इथिओपियाकडून आलेल्या एका ज्वारीच्या वंशात हा गुण ठळक आहे. तो सब-वनसारखा एका ठिकाणी नसून मुख्यतः चार ठिकाणी विभागला आहे. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू बोरेल आणि सहकाऱ्यांनी २०१४ च्या सुमारास दाखवले की, ही ज्वारी मुळात फुटवे कमी काढते, वरची पाने लहान ठेवते आणि अशा रीतीने वाचवलेले पाणी फुलोऱ्यानंतर वापरते. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संस्थेतही हे गुण आपल्याकडच्या वाणांत आणण्याचे काम झाले आहे.

आपली मालदांडी हे सारे न शिकता करत आली. मोहोळच्या संशोधन केंद्रावर गावरान मालदांडीतून निवडलेला 'एम ३५-१' हा वाण कित्येक दशके उलटली तरी शेतकऱ्याने सोडला नाही. त्याहून जास्त उतारा देणारे वाण आले. पण वर्ष वाईट निघाले तरी मालदांडी काही ना काही पदरात टाकते. भाकरी गोड लागते आणि कडबा गुरे आवडीने खातात. शेतकऱ्याचा हिशेब क्विंटलांपुरता नसतो. वाईट वर्षी काय उरले हेही त्यात धरलेले असते.

मिठाला दारातच अडवणे

कोकणात आणि गोव्यात निराळेच संकट. भरतीचे पाणी बांध फोडून किंवा उघाडीतून खाजणात शिरते आणि जमीन खारट होते. मिठातले सोडियम पानांत साचले की पाने टोकाकडून करपतात. खाऱ्या जमिनीतही तगणारी भाते किनाऱ्यावरच्या लोकांनी जपली. केरळचे पोक्कळी, गोव्याचे कोरगुट, आपल्याकडचे राते. बंगालच्या अशाच एका भाताचे नावच 'नोना बोक्रा', नोना म्हणजे खारट. २००५ साली शांघायच्या संशोधकांनी या नोना बोक्रातून एक जनुक वेगळे केले. ते मुळांतून वर चढणाऱ्या रसातले सोडियम वाटेतच परत ओढून घेते. मीठ मुळाशी असते, पानात पोहोचत नाही. जोत्यावर चपला काढून घरात यावे तसे.

याच प्रकारचे एक जनुक गव्हाच्या एका प्राचीन भाऊबंदात सापडले. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी ते नेहमीच्या संकराने बन्सीच्या जातकुळीच्या गव्हात आणले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत खारट जमिनीवर त्याचा उतारा २५ टक्क्यांपर्यंत वाढला. आपल्याकडे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानेही खारे सोसणारे भाताचे वाण काढले आहेत. समुद्राची पातळी वाढत असताना या कामाचे मोल वाढतच जाणार आहे.

वाळूनही न मरणारे गवत

सोसण्याची परिसीमा पाहायची असेल तर कातळावर जायला हवे. ओरोपेटियम नावाचे बोटभर उंचीचे एक गवत आपल्या देशात खडकाळ जागी उगवते. पाऊस संपला की ते वाळून कोळ होते. पानांतले बहुतेक सारे पाणी जाते. हरळीचे निदान जमिनीखालचे कांडे जिवंत असते. इथे वाळलेले पानच जिवंत असते! पाणी मिळाल्यावर दिवसाभरात तेच पान पुन्हा हिरवे होते.

२०१५ साली या गवताची सारी जनुकवही वाचली गेली. ती गवतांतल्या सर्वांत छोट्या वह्यांपैकी निघाली : सुमारे साडेचोवीस कोटी अक्षरे. भाताची सुमारे ३९ कोटी, तर गव्हाची दीड हजार कोटींच्याही वर. चिवटपणासाठी मोठी वही लागते असे नाही. मग या गवताकडे आहे तरी काय? संशोधकांचे उत्तर गंमतीचे आहे. वाळून जिवंत राहण्याची कला प्रत्येक धान्याला येते. कणगीतले बी हे वाळलेले पण जिवंत झाडच नाही का? पेशीतल्या नाजूक भागांना वाळताना सांभाळणारी प्रथिने आणि चिक्कीच्या पाकासारखी घट्ट होऊन सारे जागच्या जागी धरून ठेवणारी साखर, ही बियाण्याची युक्ती. इतर झाडे ती बी धरतानाच वापरतात. कातळावरच्या या गवताने तेच पान संकटात उघडायला शिकून घेतले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटात अशा वाळून पुन्हा जिवंत होणाऱ्या ६२ वनस्पती नोंदवल्याचे २०२४ साली जाहीर झाले. ज्या सड्यांना आपण 'पडीक' म्हणून खाणीला देऊन टाकतो, तिथे ही विद्या उगवते आहे.

जनुक म्हणजे जादू नव्हे

इतके वाचल्यावर कुणाला वाटेल, आता काय, एकेक जनुक उचलावे आणि सारी पिके अजिंक्य करावीत. तसे होत नाही. स्वर्णा-सब-वनही दोन-अडीच आठवड्यांपलीकडे तग धरत नाही. पेरलेले बी उगवण्याआधीच बुडाले तर या जनुकाचा उपयोग नाही. अवर्षण सोसण्याचा गुण तर अनेक जनुकांत वाटलेला असतो. शिवाय प्रत्येक सोसण्याची किंमत असते. पाने कमी काढणारी ज्वारी भरपूर पावसाच्या वर्षी मागे पडू शकते.

नवी साधने येत आहेत. जनुकातले नेमके अक्षर बदलण्याचे तंत्र वापरून भारतात तयार केलेले भाताचे दोन वाण मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले. त्यातल्या 'पुसा डीएसटी राइस १' मध्ये बाहेरून जनुक आणलेले नाही. ताण सोसण्याच्या आड येणारे भाताचेच एक जनुक बंद केले आहे. या वाणांच्या चाचण्यांवर आक्षेपही घेतले गेले. ते तपासले जायलाच हवेत. शेतकऱ्याच्या शेतात पाच-सात वर्षे काढल्याशिवाय कुठल्याच वाणाची खरी परीक्षा होत नाही. पण बंद करायचे असो की आणायचे असो, कोणते जनुक, हे कुठून कळणार? ते वाईट जमिनीत तगलेल्या झाडांकडूनच कळणार.

वारसा कुणाचा?

इथे मला पुन्हा धळपुटिया आठवतो. ते भात कुणी राखले? चांगली जमीन ज्याच्याकडे होती त्याने चांगले भात लावले. ज्याचे शेत दरवर्षी बुडत होते त्याला दुसरे काही लावणे परवडत नव्हते. त्याने बुडूनही वाचलेल्या रोपांचे बी पुढच्या वर्षासाठी ठेवले. त्याच्या मुलाने, सुनेने, नातवाने तेच केले. त्याला जनुक हा शब्द ठाऊक नव्हता. पण निवड तर त्यानेच केली होती. प्रयोगशाळेत ज्यांनी ते जनुक ओळखले त्यांची नावे नोंदली गेली, ते योग्यच आहे. राखणाऱ्यांची नावे कुठेही नाहीत. समाधान एवढेच की, कटकपासून लॉस बान्योस आणि कॅलिफोर्नियापर्यंत फिरून ते बियाणे अखेर त्याच सखल शेतांत परतले.

प्रत्येक वाणाच्या नशिबी अशी परतभेट नसते. लॉस बान्योसच्या बीजकोशात भाताचे सव्वा लाखाहून अधिक नमुने थंडीत जपून ठेवले आहेत. आपल्या राष्ट्रीय संस्थांचेही संग्रह आहेत. पण कुपीत ठेवलेले बी झोपलेले असते. शेतात दरवर्षी पेरलेले बी बदलत्या पावसाशी, उन्हाशी ओळख ठेवून असते. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची बँक उभारली. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या साध्या घरगुती कामाचे मोल पुष्कळांना पहिल्यांदा कळले. राख लावून मडक्यात, भोपळ्यात, कणगीत बी ठेवणाऱ्या बायका पूर्वी घरोघरी होत्या. त्यांच्या मागे ते बी बहुधा विचारलेच गेले नाही. म्हातारी गेली, मडके रिकामे झाले.

तेव्हा यंदा गणपतीला गावी जाल तेव्हा दूर्वा खुडता खुडता घरातल्या थोरल्यांना एवढे विचारा : खाऱ्या खाचरात आपण पूर्वी कोणते भात लावत होतो? दुष्काळातही कोणती ज्वारी हाती लागायची? नाव सांगतील. मग पुढचा प्रश्न विचारा, त्याचे बी कुणाकडे शिल्लक आहे का? असले तर मूठभर मागून घ्या आणि बांधाच्या कडेला का होईना, पेरा.